हाफकिन आणि लसीच्या कार्डावरचा क्रमांक

लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे शेतीचे गाव. आता तिथे विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे आणि मुलांना परदेशी पाठवू पाहणारी घरेही आहेत. अशा घरात व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीची तारीख मिळाली की शोधाशोध सुरू होते ती लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डाची. कार्ड सापडले तरी त्यावर लसीचे नाव आणि तारीख असते; शेजारचा ‘बॅच क्रमांक’ हा रकाना अनेकदा कोराच असतो. हा रकाना बिनकामाचा वाटतो. तो तसा नाही, हे ज्याच्या आयुष्यातून कळते तो माणूस मुंबईच्या परळमध्ये काम करत होता. त्याचे नाव आपल्याकडे संस्थेमुळे सर्वांना माहीत आहे: हाफकिन.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. पुढे नोबेल मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह त्यांचे गुरू. ज्यूंवर हल्ले होत, तेव्हा वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांमध्ये हाफकिन होते आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकीचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी नाकारला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे मिळालेले पहिले काम ग्रंथालयातले होते. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत.

त्या काळी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, युरोप आणि आशियात थैमान घातले होते. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. पॅरिसमध्ये मोठी चाचणी करण्याची सोय नव्हती आणि पटकीचे घर भारतात होते, म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी आग्रा, कलकत्त्याच्या वस्त्या, आसामचे चहामळे पालथे घातले आणि चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. शेवटी मलेरियाने आजारी पडून ते इंग्लंडला परतले. बरे झाल्यावर पुन्हा भारतात आले, त्याच वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उतरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचे ओळखले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला थोडीशी जागा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे, वर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि त्याची लस करायची, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली, आणि तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि टोचलेल्यांमध्ये प्लेग बराच कमी आढळला.

बाहेर मात्र वेगळेच चालले होते. मुंबईच्या प्लेगची बातमी जगभर गेली होती. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि भारतातून येणारी जहाजे व प्रवासी यांचे काय करायचे याची नियमावली ठरली. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्यांची वाट सरकारने बंद केली. देशात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काखेत, जांघेत गाठ आहे का हे तपासणे सुरू झाले. संशय आला की छावणीत रवानगी. पुण्याहून लोणीवरून दौंडकडे जाणारी रेल्वे तेव्हाही होती, आणि शहर सोडून सोलापूरकडे निघालेल्यांना या तपासणीची धास्ती असे. पुण्यात घरात शिरून झडती घेणाऱ्या सोल्जरांविषयीचा संताप २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवरच्या गोळीबारात फुटला. त्याच साथीत, १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

हाफकिन यांच्या लसीला या सक्तीत वेगळे स्थान मिळाले. लस घेणे ऐच्छिक राहिले. पण लस घेतल्याचा दाखला जवळ असेल तर पुढे अनेक ठिकाणी विलगीकरणातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळू लागली. आज व्हिसाच्या फाइलमध्ये आपण लावतो तो लसीचा दाखला याच जातीचा आहे. फरक इतकाच की तेव्हा तो परदेशासाठी नव्हे, तर शेजारच्या गावी जाण्यासाठी लागे. हा दाखला म्हणजे लोकांच्या दृष्टीने छावणीपासूनची सुटका होती. मात्र तो चालायचा तर दोन गोष्टींवर विश्वास हवा: लस उपयोगी आहे यावर, आणि कागदावर लिहिलेले खरे आहे यावर.

पहिल्या गोष्टीसाठी हाफकिन यांनी आकडे जमवले. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. साथ ज्या घरांत शिरली तिथे लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. आगाखान (तिसरे) यांनी स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते, आणि भारतातल्या वैद्यकीय सेवेतल्या अनेकांना ही गोष्ट खुपत होती.

दुसऱ्या गोष्टीची परीक्षा १९०२ मध्ये आली. पंजाबात प्लेग बेफाम झाला होता आणि तिथे मोठ्या प्रमाणावर लस टोचायचे ठरले. परळहून बाटल्या रवाना होऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती, म्हणून एक गोष्ट लगेच स्पष्ट झाली: एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून टोचले होते. तिचा क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नव्हते.

दोष एका बाटलीत होता; पण तो कुठे शिरला? परळला बाटली भरताना की मुल्कोवालला ती उघडताना? हाफकिन यांनी उत्पादन वाढवण्यासाठी लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता. चौकशी आयोगाने त्यावर बोट ठेवले आणि दोष परळकडे येतो असे सुचवले. हाफकिन यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. ज्याच्या लसीने लाखो लोक टोचून घेत होते, तो माणूस वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कामाविना, नाव गमावून युरोपात परतला.

पुढे उलगडा झाला तोही नोंदींमधूनच. बाटली परळला भरल्यापासून उघडेपर्यंत कित्येक आठवडे गेले होते. धनुर्वाताचे जंतू सुरुवातीपासून आत असते तर इतक्या दिवसांत ते वाढून बाटलीला घाण वास सुटला असता. उघडताना तसा वास आला नव्हता. आणि त्या दिवशी बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता; तो ज्योतीवर नीट न तापवताच पुन्हा वापरला गेला, अशी साक्षही कागदपत्रांत होती. मलेरियाचा डासांशी संबंध दाखवून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये त्यांनी इतर नामवंत शास्त्रज्ञांसह लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र छापले आणि त्या वर्षाअखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले.

ते परत आले. पण मुंबईला नाही. परळची प्रयोगशाळा तोवर दुसऱ्यांच्या हाती गेली होती. कलकत्त्यात त्यांना पद मिळाले, माणसांवर चाचण्या करण्याची मोकळीक मिळाली नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले. लग्न केले नव्हते. मिळकत त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज कोणी प्लेगच्या लसीचा दाखला मागत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमध्ये, ज्याच्या लसीचा दाखला मागता येतो असा नावानिशी नमूद रोग एकच उरला आहे, तो म्हणजे पीतज्वर. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जायचे असेल तर ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. त्या पिवळ्या कार्डावर लस बनवणाऱ्याचे नाव आणि बॅच क्रमांक यांसाठी स्वतंत्र रकाना असतो.

व्हिसाची तपासणी मात्र देशागणिक वेगळी. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्यांना वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावे लागते आणि वयानुसार ठरलेल्या लसींचा पुरावा द्यावा लागतो. विद्यार्थी व्हिसासाठी अशी तपासणी सहसा नसते, पण तिथली विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेला या तिहेरी लसीच्या दोन मात्रांचा दाखला बहुधा मागतात. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळ जायचे असेल तर मान्यताप्राप्त दवाखान्यातून क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेला महत्त्व आहे.

आपल्याकडच्या कार्डांत काही जागा रिकाम्या राहतात, त्याला कारण आहे. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि गालगुंडाची लस त्यात नाही. हिपॅटायटिस-बी देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज विशी-पंचविशीत असलेल्याने लहानपणी सगळे डोस वेळेवर घेतले असले तरी परदेशी यादीतल्या दोन-तीन लसी राहिलेल्या असू शकतात. तिहेरी लसीच्या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवस लागतात, हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. त्यामुळे तारीख मिळण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कार्ड आधीच दाखवावे. क्षयाची त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी व्हायची असेल तर ती तिहेरी लसीच्या दिवशीच करावी, नाहीतर चार आठवडे थांबावे. गरोदर असल्यास तसे सांगावे. तिहेरी आणि कांजिण्यांची लस तेव्हा देत नाहीत.

कार्ड हरवले असेल तर काही रोगांसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे का हे पाहता येते, किंवा लस पुन्हा घेता येते. तिहेरी लसीची एखादी मात्रा जास्त झाली तर अपाय होत नाही. न घेतलेल्या लसीची नोंद मात्र कोणाकडूनही लिहून घेऊ नये. तपासणारा डॉक्टर त्या कागदावर विसंबून पुढचा निर्णय घेणार असतो, आणि नोंद खोटी असेल तर गोवरासारखा रोग वसतिगृहात सगळ्यात आधी आपल्याच मुलाला गाठतो.

आणि लस घेताना तारीख, सही, शिक्का यांबरोबर बॅच क्रमांकही लिहून मागावा. बहुतेक लसींच्या कुपीवर तो छापलेला असतो, लिहायला अर्धा मिनिट पुरतो. उद्या एखाद्या साठ्यात दोष निघाला तर आपली लस त्यातली होती का, हे त्यावरूनच कळते. मुल्कोवालला क्रमांकाची नोंद नसती तर बाकीच्या ८८ जणांनी धास्तीत दिवस काढले असते, आणि हाफकिन यांना निर्दोष ठरवायला कोणाच्याच हाती काही उरले नसते.