जयपूर फूटचे डॉ. प्रमोद करण सेठी

डॉ. प्रमोद करण सेठी यांचा जन्म १९२७ साली वाराणसीला झाला. पुढे ते जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात हाडांचे डॉक्टर झाले. पाय गमावलेल्यांना तेव्हा परदेशी धाटणीचा पाय बसवायचे. त्याला बूट लागायचा, मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. आपल्या नांदेड-लातूरकडं पंगत जमिनीवर बसते, पावसाळ्यात काळ्या रानात चिखल तुडवावा लागतो. असा पाय घेऊन शेतकरी करणार काय? रुग्ण तो घरात ठेवून पुन्हा कुबड्या घ्यायचे. सेठींना हेच खटकलं. कारागीर रामचंद्र शर्मांसोबत त्यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा, अनवाणी चालता येणारा पाय घडवला. शर्मा फार शिकलेले नव्हते, पण हात पक्का! १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं. शर्मांचं नाव मात्र आजही फारसं कुणाला माहीत नाही.