स्वामी कुवलयानंद : शालेय व्यायामाचे एक आचार्य

गुजरातमधील डभोई हे गाव उपाध्याय यशोविजयजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्या समाजाला परिचित आहे. त्याच गावी ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका गरीब मराठी कुटुंबात जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते सर्व देशाला ज्ञात झाले. योगाचे संशोधक म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु शाळेतील मुलामुलींच्या व्यायामासाठी त्यांनी घेतलेले परिश्रम काहीसे विस्मृतीत गेले आहेत. म्हणून प्रस्तुत परिचय मुख्यतः त्या अंगाने करून देत आहे.

परक्यांच्या आधारावर शिक्षण घेत १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून बडोदा कॉलेजात दाखल झाले. लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या विचारांनी भारावून त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रो. माणिकराव यांच्या हाताखाली त्यांची शरीरसाधना झाली. माणिकराव नामांकित हाडवैद्य होते, तसेच समूहाला एका तालात व्यायाम देण्यात निष्णात होते. इंग्रजी हुकमांऐवजी हिंदी आज्ञा देऊन कवायत घेण्याचा पायंडा त्यांनी पाडला. ही पद्धत गुणे यांच्या मनात खोल रुजली.

पुढे अमळनेरला खानदेश शिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापन केले व १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. सरकारच्या रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडले. एवढ्या कष्टाने उभे केलेले काम हातचे गेले, तरी त्यांनी शिक्षकाचा पिंड सोडला नाही.

१९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूंनी दिलेली योगविद्या त्यांनी केवळ श्रद्धेने स्वीकारली नाही; बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचे परिणाम तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या कमी दाबाला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले.

आता मूळ विषयाकडे. आखाड्यात स्वतःच्या हौसेने येणारा मुलगा बहुधा आधीच धडधाकट असतो. शाळेच्या वर्गात मात्र सगळेच असतात : बुजरा, स्थूल, अशक्त, धावण्यात नेहमी शेवटी येणारा आणि म्हणून व्यायामाच्या तासाला पोट दुखते असे सांगणारा. अशा मुलाला व्यायामाची गोडी कशी लागावी? माझ्या मते स्वामीजींच्या ‘यौगिक संघ व्यायाम’ या पद्धतीत त्याचे उत्तर सापडते. प्रत्येक हालचालीचे टप्पे पाडावयाचे, टप्प्याटप्प्याला आज्ञा द्यावयाची, सर्वांनी एकदम करावयाचे. भुजंगासनात कोणी किती वर उठला याची चढाओढ नाही. आसनात झटके व अतिताण नको, हा तर त्यांचा कटाक्षच होता. मोठे स्नायू कमावणे हे त्यांनी आसनांचे उद्दिष्ट मानले नाही; पाठीचा कणा लवचिक राहावा, मज्जासंस्था व ग्रंथी निरोगी राहाव्यात, यावर त्यांचा भर होता. त्यामुळे अशक्त मुलालाही आज जमले, उद्या थोडे अधिक जमेल, असा अनुभव येऊ शकतो.

मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीवर त्यांनी काम केले. संयुक्त प्रांतातील शाळांतही १९३३ च्या सुमारास त्यांचा अभ्यासक्रम लागू झाला, आणि १९३६ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आज्ञेबरहुकूम सर्वांनी एकसारखे करणे काही मुलांना कंटाळवाणे वाटले असेल, हे मान्य केले पाहिजे. खेळातील मौज कवायतीत नसते. पण साधनांवाचून, थोड्या जागेत, मोठ्या वर्गाला व्यायाम देण्याची ही सोय मोलाची होती. जगबुडीच्या काठी, खेडसारख्या गावात, पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात असते. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात हा तास सहज घेता येतो. सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसण्याची सवय असलेल्या आपल्या घरांतील मुलांना तर ‘आसन’ हा शब्दही नवा नाही.

लोणावळ्यास पुढे योगाचे शिक्षक घडविणारे गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. मुलांना शिकवायचे तर आधी शिकविणारा तयार हवा, हा अमळनेरचा अनुभव त्यामागे असावा. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांनी लावलेले महाविद्यालय लोणावळ्यास आजही शिक्षक तयार करीत आहे.