लक्ष्मीबाईंचा जमाखर्च

महिन्याची २५ तारीख उलटली की होस्टेलवर एका विषयावर कुणीच बोलत नाही. तो म्हणजे पैसा! मेसचं बिल थकलंय हे आपण रूम पार्टनरलाही सांगत नाही. घरचा फोन आला की सगळं मजेत असतं. एज्युकेशन लोन, प्लेसमेंट, बाबांची नोकरी हे सगळं मनातल्या मनात. पण सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी बाईने आपल्या घरातली चणचण चक्क छापून टाकली, आणि तीही हसत हसत. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना टिळक म्हटलं की फक्त लोकमान्य आठवतात. हे टिळक वेगळे, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी.

आपल्या पडेगाववरून रोज नाशिकच्या गाड्या जातात. त्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचं नाव मनू गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा घरात धुवून घ्यायचे! शाळेचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे.

टिळक मोठे बुद्धिमान, पण एका जागी टिकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नाशिक, नागपूर, राजनांदगाव... नोकरी बदलली की गाव बदलायचं आणि संसार पुन्हा पहिल्यापासून. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे. घरात उद्या काय शिजणार याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. दोघांची भांडणंही व्हायची, आणि तीही त्यांनी लपवलेली नाहीत.

मग १८९५ उजाडलं. फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पदरी लहानगा दत्तू, स्वतःची कमाई शून्य. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नंतर अहमदनगरला टिळकांकडे आल्या, तरी धर्म लगेच बदलला नाही. आधी सोवळं-ओवळं पाळत वेगळा स्वयंपाक केला, स्वतः विचार केला, आणि माणसामाणसांत भेद नाही हे मनाला पटल्यावर १९०० साली दीक्षा घेतली. जिच्या माहेरी मीठ धुतलं जायचं, ती बाई आता कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागली. एका आयुष्यात माणूस किती बदलू शकतो बघा!

नगरच्या घरात पैसा कमी आणि माणसं फार. अनाथ, विद्यार्थी, आलेगेले सगळ्यांना दार उघडं. बालकवी ठोंबरेही काही काळ त्यांच्याकडेच होते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडून साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. नियमित पगार बंद! १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रनचं काम केलं. (आपल्या मेट्रन मॅडमकडे यापुढे जरा वेगळ्या नजरेने बघा!) नंतर त्या मुलाकडे कराचीला गेल्या.

आता गंमत पुढे आहे. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केलं. आणि मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून ज्या आठवणी लिहायला घेतल्या, त्यांचीच 'स्मृतिचित्रे' झाली. 'संजीवनी'त त्या क्रमशः येत गेल्या आणि १९३४ पासून पुस्तकरूपाने निघाल्या. पहिला भाग आला तेव्हा लेखिकेचं वय होतं सहासष्ट! २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. १९५० मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही निघालं.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त काय भिडलं? पैसे नसल्याची त्यांना लाज वाटत नाही. त्यांनी ना कुणापुढे रडगाणं गायलं, ना गरिबीचा मोठेपणा मिरवला. रिकामा डबा रिकामा होता, नवऱ्याचा राग आला होता, मग हसूही आलं होतं, एवढं सरळ त्या सांगतात. लपवण्यात जी शक्ती जाते ती त्यांनी वाचवली आणि पुन्हा उभं राहण्यात खर्च केली. टिळकांनी पैशाचा हिशेब कधी ठेवला नाही. लक्ष्मीबाईंनी आयुष्याचा हिशेब मात्र चोख ठेवला.

आपल्यापैकी कुणाचा ब्रँच बदलेल, कुणाचं वर्ष जाईल, कुणाच्या घरची परिस्थिती अचानक पालटेल. तेव्हा निदान शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला खरं सांगता आलं पाहिजे. 'स्मृतिचित्रे' कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळेल. सबमिशन संपल्यावर जरूर वाचा. आणि हो, महिनाअखेरीलाच वाचा, जास्त कळेल!