पिसाचा मनोरा विसरा, गॅलिलिओचा खरा प्रयोग झाला होता एका लाकडी फळीवर

गॅलिलिओ म्हटलं की दोन चित्रं डोळ्यासमोर येतात. एक, दुर्बिणीला डोळा लावून बसलेला दाढीवाला शास्त्रज्ञ. दुसरं, पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे खाली सोडणारा माणूस. पहिलं खरं आहे. दुसऱ्याबद्दल मात्र शंका आहे, कारण गॅलिलिओने स्वतःच्या एकाही पुस्तकात हा प्रयोग केल्याचं लिहिलेलं नाही. मनोऱ्याची गोष्ट येते ती त्याचा शिष्य विव्हियानी याने साठेक वर्षांनंतर लिहिलेल्या चरित्रातून.

नववीच्या पुस्तकात 'गतीचे नियम' म्हणून आपण जे शिकतो, त्याची मुळं मनोऱ्यात नाहीत. ती एका लाकडी फळीत आहेत.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ चा, पिसामधला. वडील संगीतकार. पोराने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला वैद्यकशास्त्राला घातलं, पण त्याचा जीव गणितात रमला आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडलं. चार वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे १५९२ पासून अठरा वर्षं पादुआमध्ये त्याने शिकवलं. गतीवरचं त्याचं महत्त्वाचं काम इथलंच.

त्या काळी अॅरिस्टॉटलचा शब्द प्रमाण मानला जायचा. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, असं त्याचं म्हणणं. रोजच्या अनुभवाला ते पटतंही.

तपासायचं तर अडचण वेगळीच होती. पन्नास मीटरवरून सोडलेला दगड सव्वातीन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि सेकंद मोजणारं घड्याळच तेव्हा नव्हतं. मग गॅलिलिओने पडणंच हळू केलं. सहा-सात मीटर लांबीची लाकडी तुळई घेतली, तिच्यात गुळगुळीत खाच पाडली, एक टोक थोडं उचललं आणि कांशाचा गोळा खाली सोडला. वेळ मोजायला पाण्याचं भांडं. त्याच्या बारीक नळीतून गोळा घरंगळेपर्यंत जेवढं पाणी पडेल, तेवढं तराजूत तोलायचं. जितकं पाणी, तितका वेळ.

त्यातून निघालेला हिशेब फार देखणा आहे. वेळेच्या पहिल्या तुकड्यात गोळा १ भाग अंतर गेला, तर पुढच्या तितक्याच वेळात ३, मग ५, मग ७. एकूण अंतर १, ४, ९, १६. म्हणजे वेळ दुप्पट तर अंतर चौपट. वेग सारखा वाढत जातो, यालाच आपण एकसमान त्वरण म्हणतो.

दुसरा विचार याहून खोल होता. उतारावर वेग वाढतो, चढावर कमी होतो. मग चढही नाही आणि उतारही नाही, अशा सपाट, घर्षण नसलेल्या पृष्ठभागावर काय होईल? वेग कमी व्हायला कारणच उरत नाही. गोळा चालत राहील. कॅरम बोर्डवर पावडर टाकली की स्ट्रायकर लांब जातो, ते याच्याच जवळचं. वस्तूला घर्षण थांबवतं, गती आपोआप 'संपत' नाही. (ही गती सरळ रेषेतली असते, हे पुढे देकार्त आणि न्यूटनने पक्कं केलं.)

हा फक्त वर्गातला मुद्दा नव्हता. पृथ्वी फिरते तर उंचावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही, असा सवाल कोपर्निकसच्या विरोधकांचा असायचा. गॅलिलिओचं उत्तर गतीच्या याच विचारातून आलं: दगडाला पृथ्वीची गती आधीपासूनच असते. धावत्या रेल्वेत वर उडवलेला चेंडू आपल्याच हातात येतो ना, तसंच. १६३२ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं आणि चर्चने त्याला रोमला बोलावलं. २२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या गॅलिलिओला गुडघ्यांवर बसून आपलं मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. शिक्षा आयुष्यभराच्या कैदेची. ती त्याने मुख्यतः फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी घरातच भोगली.

त्याची थोरली मुलगी मारिया चेलेस्ते तिथल्याच मठात जोगीण होती. बापाचा मोठा आधार. १६३४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी तीही गेली.

अशा अवस्थेत हा माणूस पादुआतल्या जुन्या टिपणांकडे वळला. फळी, गोळा, पाण्याचं घड्याळ, सगळं नीट लिहून काढलं. त्याचं काहीही छापायला बंदी होती, म्हणून हस्तलिखित इटलीबाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात छापलं गेलं. हे आपल्याला न कळत छापलं गेलं, असा साळसूद आवही त्याने अर्पणपत्रिकेत आणला. पुस्तक हातात आलं तोवर दोन्ही डोळे गेले होते.

८ जानेवारी १६४२ रोजी त्याचा मृत्यू झाला. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात गतीच्या पहिल्या दोन नियमांबाबत गॅलिलिओचं नाव घेतलं. चर्चच्या दबावामुळे मात्र त्याला मानाची कबर मिळाली नव्हती. ती मिळाली १७३७ मध्ये, तब्बल ९५ वर्षांनी. शव हलवताना एका चाहत्याने त्याचं बोट काढून घेतलं. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात ते काचेत ठेवलेलं आहे. त्याच संग्रहालयात नंतरच्या काळात बनवलेली एक उतरती फळीही आहे. तिच्यावर वाढत्या अंतरांवर छोट्या घंटा टांगल्या आहेत. गोळा सोडला की त्या सारख्याच वेळाने एकेक करून वाजतात.