वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा नियम आला कुठून?

मंडळी, इंग्रजीच्या तासाला हा नियम तुम्हीही ऐकला असेल: वाक्य 'टू', 'विथ', 'फ्रॉम' अशा प्रिपोझिशनने संपवायचं नाही. या नियमाची गोष्ट जॉन ड्रायडन या कवीपाशी जाते.

ड्रायडनचा जन्म १६३१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरचा. वेस्टमिन्स्टरच्या शाळेत आणि नंतर केंब्रिजला शिकताना त्याचं लॅटिन पक्कं झालं. १६६८ मध्ये तो राजकवी झाला. १६७२ मध्ये त्याने आधीच्या पिढीतला मोठा नाटककार बेन जॉन्सन याच्या भाषेतल्या चुका काढल्या. त्यातली एक होती वाक्याच्या शेवटी येणारं प्रिपोझिशन. हा दोष आपल्याही लेखनात आहे, हे त्याने मान्य केलं. एवढंच नाही, तर नाट्यकाव्यावरचा आपला १६६८ चा निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने अशी वाक्यं बदलली!

पण यात चूक काय होती? ड्रायडनला इंग्रजीबद्दल शंका आली की तो वाक्य लॅटिनमध्ये करून बघायचा. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन आपलं नाम सोडून शेवटी जात नाही. इंग्रजीची घडण मात्र वेगळी. 'हू आर यू टॉकिंग टू?' अशी रचना तिथे शेक्सपिअरच्याही आधीपासून चालत आलेली.

आपल्या मराठीत 'तू कोणाशी बोलतोयस?' मधला 'शी' 'कोणा'ला चिकटलेला असतो. तो तोडून शेवटी नेताच येत नाही. म्हणजे प्रत्येक भाषेची सोय वेगळी. एकीचं माप दुसरीला लावलं की धड वाक्यही चुकीचं वाटू लागतं.

ड्रायडन पुढे कॅथलिक झाला. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर त्याने धर्म बदलला नाही आणि राजकवीपद गमावलं. उतारवयात त्याने लॅटिन महाकवी व्हर्जिलचं भाषांतर केलं. ते १६९७ मध्ये आलं आणि १७०० मध्ये तो वारला. अठराव्या शतकात व्याकरणाच्या पुस्तकांनी ही नापसंती उचलून धरली. पुढे शाळांमध्ये तिचा नियमच झाला.

आजचे बहुतेक इंग्रजी व्याकरणकार याला चूक मानत नाहीत. म्हणून बिनधास्त बोला!

तुमचे या नियमापायी कधी मार्क गेलेत का? कमेंटमध्ये सांगा.