इझाबेला बीटन : नाताळच्या पुडिंगमागची गृहिणी



आगमनकाळ लागला की आपल्या घरांत नाताळच्या फराळाची लगबग सुरू होते. इंग्लंडमध्ये या दिवसांत पुडिंग उकडतात. ते कसे करावे हे तिथल्या कित्येक पिढ्या ज्या पुस्तकातून शिकल्या, त्याच्या कर्त्या इझाबेला बीटन यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

त्यांचा जन्म १४ मार्च १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. त्या चार वर्षांच्या असताना वडील वारले. आईने पुनर्विवाह केला आणि पुढे घरात एकूण २१ मुले झाली. थोरली म्हणून धाकट्यांना सांभाळणे इझाबेला यांच्याकडे आले. १८५६ साली सॅम्युअल बीटन या प्रकाशकाशी त्यांचे लग्न झाले. पतीच्या मासिकात त्या गृहिणींसाठी लिहू लागल्या. त्या लेखनातून घरकामावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला आणि वर्षभरात त्याच्या ६०,००० प्रती खपल्या.

त्यातील बहुतेक पाककृती त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. इलायझा अॅक्टन यांच्यासारख्या आधीच्या लेखिकांकडून, पुष्कळदा नाव न सांगता, त्या घेतल्या होत्या. त्यांचे श्रेय मांडणीत आहे. साहित्य, कृती, वेळ, खर्च, किती जणांना पुरेल, सारे ठरलेल्या क्रमाने. जिला शिकवायला आई किंवा सासू जवळ नाही, तिलाही ते जमावे.

नाताळच्या पुडिंगचेच पाहा. मनुका सुमारे ६८० ग्रॅम, बारीक काळे बेदाणे २२५ ग्रॅम, संत्र्या-लिंबाच्या साखरेत मुरवलेल्या साली २२५ ग्रॅम, पावाचा चुरा आणि गुरांची चरबी प्रत्येकी ३४० ग्रॅम, ८ अंडी आणि पेलाभर ब्रँडी. मिश्रण साच्यात दाबून भरायचे, वर पीठ भुरभुरलेले फडके घट्ट बांधायचे आणि पाच-सहा तास उकळत्या पाण्यात ठेवायचे. मग टांगून ठेवायचे आणि सणाच्या दिवशी पुन्हा दोन तास उकळायचे. पुडिंग कित्येक आठवडे टिकते, म्हणून एका वेळी पाच-सहा करावीत, असा त्यांचा सल्ला होता.

दुसऱ्यांचे सण गोड करणाऱ्या या बाईच्या घरी मात्र दुःख होते. पहिला मुलगा १८५७ मध्ये तान्हेपणीच गेला. दुसरा ३१ डिसेंबर १८६२ रोजी, नाताळनंतर सहाच दिवसांनी, तीन वर्षांचा असताना गेला. बरोबर वर्षाने, ३१ डिसेंबर १८६३ रोजी, तिसऱ्याचा जन्म झाला. चौथ्या मुलाच्या जन्मानंतर बाळंतज्वराने ६ फेब्रुवारी १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते अवघे २८. पुढे पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि अनेक वाचकांनी त्यांना अनुभवी आजीबाईच समजले.

एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. १८५८ च्या हिवाळ्यात त्या दर आठवड्याला सुमारे ४० लिटर सूप शिजवून गावातील डझनभर गरीब कुटुंबांना वाटत असत. त्या सूपची कृतीही त्यांनी खर्चासह ग्रंथात दिली. म्हणजे मेजवानी आणि दानधर्म, दोन्ही त्यांनी सारख्याच काळजीने मोजूनमापून मांडले.

बंधुभगिनींनो, यंदा फराळाचे माप काढताना आपल्या गल्लीतील एका गरजू घराचे मापही आधीच धरू या. उरले तर देऊ, असे नको.