जेम्स वॅट आणि दोन लोखंडी गोळे

शेगांवहून आगगाडीनें अकोल्याकडे जातांना पारसच्या विद्युत्केंद्राचीं धुराडीं दृष्टीस पडतात. तेथील टर्बाइनचीं चक्रें मिनिटास ३००० फेरे घेतात. त्यांतूनच विजेच्या प्रवाहाचीं सेकंदास ५० आवर्तनें उत्पन्न होतात. हा वेग ढळूं न देण्याची युक्ति ज्यानें वाफेच्या यंत्रास प्रथम जोडली, त्या जेम्स वॅटचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

वॅट हा १७३६ सालीं स्कॉटलंडांतील ग्रीनॉक बंदरीं जन्मला. प्रकृति अशक्त असल्यामुळें त्याचें बरेंचसें शिक्षण घरींच झालें. किटलीच्या झांकणाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, पण ती कितपत खरी मानावी ही शंकाच आहे. लंडनला वर्षभर राहून तो सूक्ष्म उपकरणें बनविण्यास शिकला आणि ग्लासगो विद्यापीठांत कारागीर झाला. तेथें न्यूकोमेनच्या यंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीस आला. त्यांत वाफ किती वायां जाते हें पाहून त्यास चैन पडेना. वाफ थंड करण्यास निराळें पात्र असावें, ही कल्पना १७६५ सालीं सुचली. मात्र ती प्रत्यक्ष कामास लागण्यास दहाअकरा वर्षें गेलीं. त्या काळांत भागीदाराचें दिवाळें निघालें, पत्नी वारली, पोटासाठीं कालव्यांच्या मोजण्या कराव्या लागल्या. १७७५ सालीं बर्मिंगहॅमचा कारखानदार बोल्टन भागीदार झाला, तेव्हां कोठें दिवस पालटले.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती १७८८ ची हकीकत. लंडनच्या एका पिठाच्या गिरणींत जात्यांसाठीं बसविलेलें एक साधन बोल्टननें पाहिलें व वॅटला कळविलें. वॅटनें तें आपल्या यंत्रास जुळवून घेतलें. फिरत्या उभ्या दांड्यास दोन लोखंडी गोळे टांगलेले असत. वेग वाढला कीं गोळे दूर फांकत व वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं ते खालीं येत व झडप उघडे. पेटंटांसाठीं कोर्टांत हिरिरीनें भांडणाऱ्या ह्या गृहस्थानें ह्या साधनाचें पेटंट मात्र घेतलें नाहीं, कारण मूळ कल्पना गिरण्या बांधणाऱ्या कारागिरांची होती.

ह्या योजनेंत एक उणीव होती. काम वाढलें म्हणजे यंत्र पूर्वींपेक्षां किंचित् कमी वेगावर स्थिरावे. आज हीच उणीव उपयोगी पडते. देशांतील वीजकेंद्रें एका जाळ्यांत जोडलेलीं आहेत. शेतांतील पंप एकदम सुरू झाले कीं सर्वत्र आवर्तनें एकाच वेळीं घटतात, आणि ती घट हाच निरोप समजून प्रत्येक केंद्राचा वेगनियंत्रक आपापल्या शक्तीप्रमाणें भार उचलतो. मागाहून भारनियंत्रण केंद्राच्या आज्ञेनें आवर्तनें पुनः ५० वर आणलीं जातात. गोळ्यांची जागा आतां इलेक्ट्रॉनिक उपकरणांनीं घेतली आहे. तत्त्व तेंच आहे.

तें पाळलें जातेंच असें नाहीं. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं बीना–ग्वाल्हेर तारमार्ग अति भारामुळें बंद पडला आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें साठ कोटि वस्तीचा प्रदेश अंधारांत गेला. पश्चिमेकडील भाग अलग होऊन बचावला. सर्व केंद्रांचे वेगनियंत्रक खरोखर काम करतील अशी व्यवस्था व्हावी, अशी शिफारस चौकशी समितीस करावी लागली. पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर तारमार्गानें दक्षिण भारतही त्याच जाळ्यास जोडला गेला. म्हणजे आतां आपल्या घरचा दिवा व मद्रासचा दिवा एकाच तालावर जळतात.

वॅटनें १८०० सालीं धंद्यांतून अंग काढून घेतलें, परंतु हात स्वस्थ बसेनात. माळ्यावरच्या खोलींत मूर्तींच्या प्रतिकृति काढणारें यंत्र करण्यांत तो अखेरपर्यंत गुंतला होता. १८१९ सालीं तो वारला. ती खोली, तींतील हत्यारांसह, लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत ठेविली आहे.